आमची वाटचाल : पाचशे लग्नपत्रिका ते पन्नास

वडिलांनी १९७८ साली बार्शीत जुनं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन घेतलं, तेव्हा दुकानात माणसं दोनच. वडील खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायचे, काका मशीन मारायचे. देवनागरी खिळ्यांच्या केसा, म्हणजे खणांचे ट्रे, भिंतभर. काना, वेलांटी, जोडाक्षर, प्रत्येकाचं घर वेगळं. 'चि. सौ. कां.' एवढं मात्र वडील लग्नसराईत बांधूनच ठेवायचे.

छपाई सोपी, नावं अवघड. प्रूफ निघालं की घरातले चार जण येऊन बसायचे. चुलत आजोबा आधी की थोरले काका? मामांना वेगळी चौकट की 'आपले नम्र'मध्येच? एकदा आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं, तेही पाचशे पत्रिका छापून झाल्यावर. वडिलांनी रात्री तेवढी एक ओळ जुळवली आणि सगळा गठ्ठा पुन्हा मशीनवर चढवला. खाली बोटभर जागा होती म्हणून निभावलं.

१९९७ला मी कॉम्प्युटर घेतला, पान लावायला पेजमेकर, मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. पुढे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं. खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. भंगारवाल्याने काटा मारू नये म्हणून वडील स्वतः वजनाला उभे होते. ट्रेडल ठेवलं, आणि बरं झालं. लोडशेडिंगच्या वर्षांत पायावर चालणारं तेवढंच होतं. पावतीपुस्तकांचे नंबर आजही त्यावरच मारतो.

मोबाईलवरची पत्रिका आम्ही छापील पत्रिकेसोबत फुकट द्यायचो. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला, तेव्हा छापणार कोण? त्या महिन्यापासून तिचे पैसे लावले.

आता मजकूर मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत येतो; आडनाव काळे की काले, हे मलाच फोन करून विचारावं लागतं. प्रूफ कुणी वाचत नाही. चूक निघाली की, "दादा, नवीन टाका ना." हल्ली तर मामांकडच्यांना पाठवायला मामांचं नाव वर असलेली वेगळी पत्रिका मागतात. मागच्या मोसमात एका लग्नाच्या चार पत्रिका केल्या. मानपानाचं भांडण मिटलं म्हणावं की नुसतं टळलं, मला अजून कळलेलं नाही. चारही पत्रिकांचे पैसे मात्र वेगवेगळे लावले.

तरी पन्नासेक छापतातच. पहिली भगवंताच्या देवळात, मग कुलदैवताला, मग मानाच्या घरी अक्षतांसोबत. या पन्नासांवर कुणाचं नाव वर, ते ठरवायला चार जण अजून दुकानात येऊन बसतात. चहा आमच्याकडून.