हानाकापीआईचा ओढा उतरेपर्यंत

हानाकापीआईच्या धबधब्यापर्यंत जायचं की नाही, हे समुद्राकाठच्या ओढ्यावरच ठरवावं लागतं. हवाईतल्या काउआई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, केए या ठिकाणी कालालाऊची वाट सुरू होते. पूर्ण वाट 11 मैलांची, म्हणजे साधारण 18 किलोमीटर. पहिले दोन मैल कड्याच्या अंगाने चढउतार करत ती हानाकापीआईच्या किनाऱ्याशी उतरते आणि वाळू यायच्या आतच ओढा आडवा येतो. तो ओलांडून खोऱ्यात आणखी दोन मैल आत गेलं की सुमारे 90 मीटर उंचीचा धबधबा. तिथपर्यंत जाऊन-येऊन 8 मैल होतात, पण चिखल आणि ओढ्याची पुन्हा पुन्हा होणारी आडकाठी धरून मी गटाचे सात तास पकडतो.

डिसेंबरातल्या त्या दिवशी सकाळी ओढा नडगीपर्यंत होता, तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. पलीकडे गेल्यावर नेहमीचं काम केलं: काठाजवळचा एक मोठा, न हलणारा दगड निवडला, त्याचा माथा पाण्याच्या किती वर आहे ते काठीने मोजलं आणि गटातल्या प्रत्येकाला तो दगड दाखवला. एक वीत कोरडा माथा, असं सगळ्यांनी लक्षात ठेवलं. फोनवर फोटो काढला तर वेळही आपोआप नोंदली जाते. ही खूण नसली की परतताना सगळ्यांना वाटतं, सकाळी पाणी एवढंच होतं. माणसाची आठवण पाण्याच्या पातळीबाबत फार कच्ची असते.

किनाऱ्यावर ऊन होतं. या खोऱ्यात उन्हावर विसंबता येत नाही. समुद्रापासून खोऱ्याचा माथा मोजक्या किलोमीटरांवर, पण उंची हजार मीटरच्या वर. ईशान्येकडून येणारे वारे ढग त्या भिंतीवर चढवतात आणि पाऊस माथ्यावर कोसळतो. खाली किनाऱ्यावर त्याचा थेंबही पडलेला नसतो. उतार इतका तीव्र की पडलेलं पाणी मुरायला किंवा पसरायला जागाच नसते, काही मिनिटांत ते ओढ्यात येतं. याच किनारपट्टीवर वायपा इथल्या पर्जन्यमापकाने 14-15 एप्रिल 2018 रोजी 24 तासांत 49.69 इंच, म्हणजे सुमारे 1262 मिलिमीटर पाऊस नोंदवला. अमेरिकेतला 24 तासांचा तो विक्रम आहे. आणि एप्रिल 2014 मध्ये याच ओढ्याने अडकवलेल्या 121 जणांना खोऱ्यातून सोडवावं लागलं होतं.

आत जाताना वाट फार सुंदर आहे, हे सांगायलाच हवं. आंबट-गोड वासाच्या पेरूंनी भरलेलं रान, बांबूची बेटं, तारोच्या, म्हणजे अळूच्या, जुन्या शेतांचे दगडी बांध, कॉफीच्या गिरणीचं उरलेलं धुराडं. बांधांवर बसू नये, त्यातला दगड हलवू नये. सिमेंटशिवाय रचलेली ती कामं आहेत. एक सुटला की शेजारचे सैल होतात.

धबधब्याच्या अलीकडच्या एका ओढ्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा पाणी फक्त बोटभर वाढलेलं होतं. पण रंग चहासारखा होऊ लागला होता आणि हिरवी पानं, ताज्या तुटलेल्या काटक्या वाहत येत होत्या. कुजकी पानं नेहमीच वाहतात, ताजी तुटलेली वाहू लागली की वर कुठेतरी काठ खरवडला जातोय. अशा वेळी पातळीपेक्षा रंगावर विश्वास ठेवावा, तो आधी बदलतो. धबधबा अर्ध्या तासावर होता. आम्ही तिथूनच फिरलो. गटातल्या एका काकांनी विचारलं, "एवढ्या जवळ येऊन?" मी म्हटलं, "काका, आपल्याला परतताना जे ओढे लागणार आहेत ते सगळे आत्ता वाढतायत." धबधब्याच्या डोहापाशी अशा पाण्यात वरून दगडही सुटतात, ते वेगळंच.

वरच्या भागातले ओढे गुडघ्याखाली असतानाच पार झाले. समुद्राकाठच्या शेवटच्या ओढ्यावर आलो तेव्हा आमच्या दगडाचा माथा दिसत नव्हता. पाणी मांडीपर्यंत, मातकट, आणि तळातून गोटे एकमेकांवर आदळल्याचा घुमणारा आवाज. तो आवाज आला की चर्चा संपते. जे पाणी गोटे लोटतं, ते त्यांच्यावर उभ्या माणसाला ठेवत नाही.

काठावर वीसेक माणसं अडकली होती. शटल बस चुकेल ही चिंता जवळपास सगळ्यांना. अशा ठिकाणी पाण्यापेक्षा घड्याळच माणसाला ओढ्यात ढकलतं. एकाकडे दोर होता आणि तो कमरेला बांधून जायचा त्याचा विचार होता. मी त्याला थांबवलं. कमरेला बांधलेला दोर पाय घसरताच ताणला जातो, प्रवाह माणसाला त्या ताणाविरुद्ध खाली दाबतो आणि वर ओढणाऱ्याची ताकद पुरत नाही. दोन्ही काठांना बांधून धरायला केलेला दोरही मध्ये खालच्या दिशेला फुगतो, आणि धरणाऱ्याला सर्वांत खोल जागी नेऊन सोडतो.

दुसऱ्या काही जणांचं म्हणणं होतं, मुखाशी जाऊ, तिथे ओढा पसरट आहे. पसरट जागा शोधणं एरवी बरोबरच. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असतं. पण इथे मुखाशी हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा आत घुसतात, आणि पाय सुटला तर पुढे थेट समुद्र. हिवाळ्यात इथली वाळूही वाहून जाते, उरतात नुसते गोटे आणि आत खेचणारे प्रवाह. ओलांडायची जागा निवडताना आधी खालच्या बाजूला काय आहे ते पाहावं: उथळ रेती असेल तर चूक सुधारता येते. झाडं अडकलेली असतील, धबधबा किंवा समुद्र असेल तर सुधारता येत नाही.

मग आम्ही थांबलो. थांबणं हे काम म्हणून करावं लागतं, नाहीतर माणसं तासाभरात कंटाळून पाण्यात उतरतात. गटाला ओढ्यापासून दूर, उंचावर बसवलं, ओले कपडे बदलायला लावले, खायला दिलं. काठावर पाण्याच्या रेषेत एक काडी रोवली आणि दर पंधरा मिनिटांनी नवी काडी. पहिल्या दोन काड्या बुडाल्या. तिसरी तशीच राहिली. त्यानंतर पाणी काडीपासून मागे सरकू लागलं. डोळ्यांनी पाहत बसलं तर हा फरक कळतच नाही. काड्यांची रांग पाहिल्यावर अस्वस्थ माणसंही शांत झाली, कारण त्यांना दिसायला काहीतरी मिळालं. एवढ्या आखूड ओढ्याचं पाणी चढतं तसंच, पाऊस थांबला तर, काही तासांत उतरतंही. खोऱ्यात मोबाइल चालत नाही, आणि ढगात किंवा अंधारात हेलिकॉप्टर येईलच असं नाही. म्हणून दिवसाच्या वाटेवरही प्रत्येकाच्या सॅकमध्ये हेडटॉर्च, एक कोरडा उबदार कपडा आणि रात्रभर पुरेल इतकं खाणं मी सक्तीचं ठेवतो.

दगडाचा माथा पुन्हा दिसला, गोट्यांचा आवाज थांबला, पाणी गुडघ्याखाली आलं. मग एक काटकी टाकून तिच्याबरोबर काठाने चाललो. ती माझ्या भरभर चालीपेक्षा मागे पडली, तेव्हाच उतरलो. वेग दुप्पट झाला तर पायांवरचा जोर चौपट होतो, म्हणून खोलीइतकाच वेग तपासायचा. बूट पायातच. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडलेले, म्हणजे पडलं तर सॅक टाकता येते. तिघांतिघांचे घट्ट गट, सर्वांत वजनदार माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला काठी रोवून, बाकीचे त्याच्या आडोशाला. एका वेळी एकाच पायाने सरकायचं, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे आणि वर. उभं राहायची घाई केली तर पाऊल दगडात अडकतं.

परतीचे दोन मैल हेडटॉर्चच्या उजेडात झाले. या अक्षांशावर संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. वाटेच्या तोंडाशी सगळ्यांनी बुटांचा चिखल घासून काढला आणि तळांवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं: ओहिया ही हवाईतली मूळची झाडं मारणारी बुरशी 2018 पासून या बेटावरही सापडली आहे आणि ती मातीतून पसरते.

ज्यांच्या पायांना खरचटलं होतं त्यांना एक गोष्ट पुन्हा सांगितली. इथल्या ओढ्यांत लेप्टोस्पिराचे जिवाणू असतात, जखमेतून शिरतात, आणि बारीक असल्याने पाण्याच्या काही गाळण्यांतूनही निसटतात. पिण्याचं पाणी उकळलेलंच हवं. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ओढ्याचं सांगा.