पहिली रेघ खाली गेली होती

निलंगा तालुक्यातलं एक गाव, नाव देत नाही. रात्री-बेरात्री जमिनीतून धाडकन आवाज यायचा, मांडणीवरची भांडी वाजायची आणि लोक लेकरं घेऊन पटांगणात झोपत होते. वरून उत्तर एकच, भूकंपाची नोंद नाही, खाणीतले सुरुंग असतील. नोंद नव्हती हे खरंय, पण नोंद नाही म्हणजे भूकंप नाही असं होत नाही. आपली केंद्रं लांब लांब आहेत, दीड रिश्टरचा धक्का तिथं पोचेपर्यंत वारा आणि ट्रकच्या थरथरीत बुडून जातो. म्हणून आम्ही पोर्टेबल भूकंपमापक यंत्र घेऊन गेलो.

लोकांना वाटतं ठेवलं आणि चालू केलं. काळ्या मातीत तर अजिबात ठेवायचं नाही, ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि सेन्सर हळूहळू कलतो. मुरूम उकरत खालचा पक्का खडक लागेपर्यंत खड्डा, त्यावर सिमेंटचा ओटा, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध, होकायंत्रानं उत्तर धरताना पहार-टिकाव लांब, जीपीएसचा अँटेना मोकळ्या आभाळाखाली कारण वेळ चुकली की सगळं वाया. विहिरीच्या मोटारीपासून लांब, झाडापासूनही लांब, कारण वाऱ्यानं झाड हललं की मुळं जमीन हलवतात. आमच्यातलेच काही जण शाळेच्या फरशीवर ठेवून मोकळे होतात आणि मग डेटा खराब आला म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

आवाज झाला तेव्हा आम्ही गावातच होतो. पायाखालून ठोका बसला. स्क्रीनवर पी लहर, म्हणजे भूकंपाची वेगानं आधी पोचणारी लहर, आणि अर्धा सेकंद व्हायच्या आत मागून येणारी एस लहर. या दोघींमधले सेकंद गुणिले साधारण आठ, तेवढे किलोमीटर अंतर, म्हणजे धक्का तीन-चार किलोमीटरच्या आतला, जवळपास गावाखालीच. इतक्या जवळून येणाऱ्या लहरींत कानाला ऐकू येणारी कंपनं शिल्लक असतात, लांब जाताना ती खडकातच विरतात, म्हणून गावाला दणका आणि तालुक्याला काहीच नाही. आणि पहिली रेघ खाली गेली होती, म्हणजे जमीन आधी खाली खेचली गेली होती. सुरुंग चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, त्याची पहिली रेघ वरच जाते. सुरुंगाचा विषय तिथंच संपला.

सकाळी पारावर लोक जमले. सोबतच्या अधिकाऱ्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, बारके धक्के चांगलेच, ताण निघून जातो. एक म्हातारे बाबा उठले. "सायब, किल्लारीला बी आदी बारकेच येत हुते की. मग तवा ताण का नाही निघाला?"

१९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसत होते हे खरंच आहे. मी साहेबांसमोरच बोललो. सहाचा एक भूकंप जेवढी ऊर्जा सोडतो तेवढी सोडायला चारचे हजार धक्के लागतात, दीडचे तर लाखो, तेव्हा ताण निघून जातो ही नुसती समजूत आहे. उलटंही खरं नाही, बारके आले की मोठा येतोच असं नाही. नांदेड शहराखाली २००६-०७ मध्ये असेच आवाज झाले, पुढं मोठा भूकंप झाला नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला ६.२ चा झाला. तुमचं यातलं कुठलं हे या यंत्रावरून मला सांगता येत नाही, आणि आज जगात कुणालाच सांगता येत नाही.

मग म्हटलं बाबा, घर दाखवा. माळवद. दोन-अडीच फुटी दगड-मातीची भिंत, आतली फळी वेगळी बाहेरची वेगळी, दोन्हींना बांधणारा लांब दगड एकही नाही, मध्ये नुसता भराव. वर पांढऱ्या मातीचा थर, गळू नये म्हणून दरसाली वाढवत नेलेला. हादऱ्यात अशा भिंतीच्या दोन फळ्या फाटतात आणि छत खाली येतं. किल्लारी-सास्तुर भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली ती बहुतेक याच ढिगाऱ्याखाली. बाबांना म्हटलं वरची माती कमी करा, पावसासाठी पत्रा टाका, आणि तोवर झोपायला पत्र्याच्या शेडमध्ये जा. शेजारच्या दोघा-तिघांनी पण आपापल्या भिंती बघायला बोलावलं.

परतताना साहेब चिडलेले, लोकांना घाबरवलं म्हणाले. पण ते लोक आधीपासून बाहेर झोपत होते, आणि ज्यानं त्र्याण्णव पाहिलंय त्याला खोटा दिलासा देऊन काय मिळतं हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या रिपोर्टात अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता एवढेच रकाने. मी गावातल्या अशा दोन फळ्यांच्या भिंती असलेल्या घरांचं एक पान जोडलं, ती मजबूत करायला निधी द्यावा असं लिहून. ते विषयाला धरून नाही, काढून टाका असा निरोप आलाय. मी काढलेलं नाही.