आमची वाटचाल: ओएमआर शीटपासून क्लाऊडच्या बिलापर्यंत

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६ साल. त्याच वर्षी आम्ही ट्यूशन एरियात एका क्लासच्या वरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर घेऊन बसलो. काम एकच, रविवारच्या टेस्टच्या ओएमआर शीट तपासून रात्रीपर्यंत निकाल लावायचा. नीटच्या धर्तीवर १८० प्रश्न, ७२० गुण. सरांच्या हातात रँक लिस्ट, पालकांच्या मोबाइलवर मेसेज. एवढ्यावर आमचं दुकान चाललं. पुढे उदगीर, अहमदपूर, नांदेडचे क्लास जोडले गेले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लासला कुलूप लागलं आणि जो तो सर विचारू लागला, "लेक्चर ॲपवर टाकता येतील का?" टाकली. त्यासाठी सगळा पसारा ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या क्लाऊडच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांत, नेला. तिथून आमच्या खर्चाची जातच बदलली. क्लाऊडचा दर डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, आणि बिल दर महिन्याला. आमचं येणं मात्र सोयाबीनवर. पालक फीचा दुसरा हप्ता भरतात तो मोंढ्यात माल घातल्यावर, आणि क्लासकडून आमच्याकडे पैसे येतात ते त्याच्याही नंतर. भाव पडला की सर म्हणतात, "थांबा की जरा." क्लाऊडला थांबा म्हणता येत नाही.

विद्यार्थी वाढत होते, हातात काही उरत नव्हतं. शेवटी हिशेब बघणाऱ्या ताईंनीच विचारलं, "सर, सर्व्हरच्या भाड्यापेक्षा हे डेटा ट्रान्सफर जास्त कसं?"

क्लाऊडवर बाहेरून डेटा आत टाकायला पैसे पडत नाहीत, ठेवायला थोडे पडतात, बाहेर काढायला सणसणीत पडतात. टँकरवर उन्हाळे काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पाण्यापेक्षा वाहतूकच महाग. मुंबईहून इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाचे महिन्याचे पहिले १०० जीबी माफ, पुढे १० टीबीपर्यंत जीबीला १०.९३ सेंट. चाळीस मिनिटांचं लेक्चर ७२०पी मध्ये धरा ४०० एमबी. हजार पोरांनी एकदा पाहिलं की ४०० जीबी, म्हणजे ४३-४४ डॉलर. एका लेक्चरचे! आणि पोरं एकदाच थोडी बघतात? फिजिक्समधलं रोटेशनल मोशन तीन-तीनदा बघतात.

त्यामुळे सगळ्यांचं बोट व्हिडिओकडे. क्वालिटी उतरवायची असं ठरत आलं होतं. पण आमचे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरानं आधी कॉस्ट एक्सप्लोररमध्ये (खर्चाची फोड दाखवणारं ॲमेझॉनचंच पान) बिल 'युसेज टाइप'प्रमाणे फोडलं. ज्याला ज्याला असं बिल येतं त्यानं आधी हेच करावं, कारण सर्व्हिसप्रमाणे पाहिलं तर यातला बराच खर्च 'ईसी२-अदर' या नावाखाली गुडूप होतो. फोडल्यावर तीन नावं वर आली: डेटाट्रान्सफर-आउट, नॅटगेटवे-बाइट्स आणि डेटाट्रान्सफर-रीजनल. पहिलं पोरांकडे जाणारं. उरलेल्या दोघांचा पोरांशी काही संबंध नाही, ती आमच्याच सर्व्हरांची ये-जा.

नॅट गेटवे म्हणजे बंद जाळ्यातल्या सर्व्हरांचं बाहेर जायचं दार. त्याचा आलेख दर रविवारी संध्याकाळी ताडासारखा उभा. शीटचे स्कॅन एस३ मध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या कोठारात; तपासणारे सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे त्या बंद जाळ्यात. सर्व्हर स्कॅन उचलणार, गोल वाचणार, खुणा केलेली प्रत परत ठेवणार. एकाच रीजनमध्ये एस३ ची ही देवघेव फुकट असते, पण वाट नॅट गेटवेतून होती. तो ताशी ५.६ सेंट घेतो, शिवाय त्याच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जीबीला ५.६ सेंट. खात्रीसाठी व्हीपीसी फ्लो लॉग, म्हणजे कुठून कुठे किती डेटा गेला त्याच्या नोंदी, एका रविवारपुरते चालू केले (त्यांचेही पैसे पडतात, विसरून चालू ठेवू नयेत), तर जवळजवळ सगळी गर्दी एस३ च्या पत्त्यांवर. उपाय म्हणजे एस३ चा गेटवे एंडपॉइंट, नॅट गेटवे टाळून एस३ कडे जाणारी आतली वाट. राउट टेबलात, म्हणजे डेटाच्या वाटांच्या तक्त्यात, एक नोंद, भाडं शून्य. सांगितलेला चहा येईपर्यंत काम झालं. इंटरफेस एंडपॉइंट ही आतल्या वाटेची दुसरी जात मात्र वेगळी चीज आहे, तिला तासाचे आणि जीबीचे दोन्ही पैसे लागतात.

रीजनलचं दुखणं वेगळं. एका रीजनमध्ये डेटा सेंटरांचे वेगवेगळे गट असतात, ते झोन. डेटाबेस एका झोनमध्ये, ॲप दोन झोनमध्ये. झोन ओलांडला की दोन्ही बाजूंना जीबीमागे एकेक सेंट. रँक काढायला ॲप प्रत्येक पोराची १८० उत्तरं ओढून आणत होतं. आता बेरीज डेटाबेसमध्येच होते, ॲपकडे फक्त गुण येतात. दुसरा झोनच काढून टाका, असा सल्ला एकानं दिला. मला तो पटला नाही. निकालाच्या रात्री झोन बसला तर सरांचे फोन कोण उचलणार? उरलेला तो खर्च मी खुशीनं भरतो.

नवं सॉफ्टवेअर आजमावायच्या सर्व्हरचा नॅट गेटवे काढून त्याला सरळ पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, दिला. फेब्रुवारी २०२४ पासून त्यालाही ताशी अर्धा सेंट लागतो, तरी स्वस्त.

मग उरला व्हिडिओ. पुढे क्लाऊडफ्रंट बसवलं, म्हणजे ॲमेझॉनचा सीडीएन, पाहणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवरून व्हिडिओ पोचवणारं जाळं. एस३ ते क्लाऊडफ्रंट फुकट, आणि महिन्याला बाहेर जाणारा पहिला १ टीबी माफ. पण सीडीएन लावला की खर्च निम्मा, हे आपल्याकडे खरं नाही. भारतातला त्याचा सुरुवातीचा दर जीबीला १०.९ सेंट, म्हणजे थेट दराएवढाच. माफ टीबी संपला की बाइटच, म्हणजे जाणारा डेटाच, कमी करावे लागतात. म्हणून मोबाइलवर सुरुवातीला ४८०पी, आणि एकदा डाउनलोड केलेलं लेक्चर ॲपमध्येच राहील अशी सोय. पुन्हा पाहिलं तरी ना आमचा डेटा जात, ना पोराचा. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर अभ्यास करणाऱ्या औशाच्या, निलंग्याच्या पोरांना हे आमच्यापेक्षा जास्त आवडलं.

क्लासशी नव्या करारात व्हिडिओचे पैसे जीबीप्रमाणे वेगळे लावतो. नांदेडच्या एका सरांनी सगळी लेक्चर १०८०पी मध्ये मागितली होती. तो दरपत्रकाचा कागद वाचून म्हणाले, "फिजिक्सला ४८० चालतंय. बायोलॉजीच्या आकृत्या तेवढ्या ७२० ठेवा." तसंच ठेवलंय.