चार शाळांचा एक नळ

सही करायला म्हणून गेले आणि अध्यक्ष होऊन घरी आले.

जून संपत आला होता. शाळेत रेनकोट आणि बूट वाटत होते. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना दप्तर-वह्यांपासून २७ वस्तू मोफत देते, आणि त्या घ्यायला पालकांची रांग लागते. माझा नंबर आला तेव्हा मोठ्या बाईंनी रजिस्टर पुढं सरकवलं. म्हणाल्या, "तुम्ही समोरच्या चाळीतल्या ना? बोलावलं की येता. समितीत तुमचं नाव घालते." मी म्हटलं, घाला. पुढच्या बैठकीत अध्यक्ष कोण होणार असं विचारलं तर सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. मी साड्यांना फॉल-पिको करते, दिवसभर घरी असते, एवढाच माझा गुण.

शाळा व्यवस्थापन समिती हे शब्द तोवर मी ऑफिसबाहेरच्या फलकावरच वाचले होते. शाळेत वाचन घ्यायला एका संस्थेची ताई यायची, तिनं नीट समजावलं. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा, त्याचं २१ वं कलम. समितीत ७५ टक्के पालक, एकूण सभासदांत निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सचिव. २२ वं कलम म्हणतं की शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा. मी घरी येऊन जुनं इतिवृत्त वाचलं. आठ महिन्यांच्या आठ बैठका, एकच अक्षर, एकच पेन, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच वाक्य: "पालकांनी समाधान व्यक्त केले." त्यातल्या दोन बैठकांखाली माझ्या शेजारणीची सही होती. ती तेव्हा बाळंतपणाला गावी होती.

समाधान कशाबद्दल, हे मला पुढच्याच महिन्यात कळलं. माझी मुलगी तिसरीत. तिची पाण्याची बाटली रोज जशीच्या तशी भरलेली परत यायची. मला वाटायचं खेळात विसरते. एकदा रागावले तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं." कुठं जावं लागतं हे विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन बघितलं. मुलींचं शौचालय दुसऱ्या मजल्यावर. चार दारं, त्यातल्या दोनांना कडी नाही. मुली जोडीनं जातात, एक आत आणि एक बाहेरून दार ओढून धरून. नळाला पाणी नाही. कोपऱ्यात ड्रम, ड्रमात तळाला चार बोटं पाणी, आणि त्याला एकच मग. वास काय सांगू.

बाई म्हणाल्या, "मी तीन वेळा कळवलंय." त्या खोटं बोलत नव्हत्या, कागद होते त्यांच्याकडं. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं: "पाहणी केली, पाणीपुरवठा सुरळीत आहे." पाहणी करणारा माणूस सकाळी यायचा, तळमजल्यावरचा नळ सोडून बघायचा, पाणी धो धो यायचं, तो निघून जायचा.

आता आमच्या इमारतीची भानगड सांगायला हवी, कारण ज्यांची मुलं पालिकेच्या शाळेत नाहीत त्यांना ती कळत नाही. मुंबई पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. आमच्या एका चार मजली इमारतीत चार शाळा आहेत: मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी. दोन सकाळी, दोन दुपारी. चार मुख्याध्यापक, चार हजेरीपट, चार समित्या. जिना एक, टाकी एक, शौचालय एक. वर्ग ज्याचे त्याचे आहेत, त्यामुळे वर्ग स्वच्छ. शौचालय सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही. सकाळची शाळा म्हणते दुपारचे घाण करतात, दुपारची म्हणते आम्ही येतो तेव्हा घाणच असते. दोघांचंही खरं.

मी ठराव केला, बाईंनी सही केली आणि आम्ही अर्ज घेऊन वॉर्डातल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथं कळलं की शिक्षण खातं मुलांचं आणि शिक्षकांचं बघतं. इमारतीचं काम शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडं. तिथं गेलो तर म्हणाले, अर्ज शिक्षण खात्यामार्फत येऊ द्या. दोन महिन्यांत माझ्या चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "आधीचा अर्ज कधी दिला? आवक नंबर काय?" मी गप्प. तीन वेळा दिलेला कागद कुणाच्या तरी हातात दिला होता, बस. चाळीत पालिकेतून रिटायर झालेले एक आजोबा आहेत, ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, झेरॉक्सवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय कागद दिला म्हणायचं नसतं!" त्या दिवसापासून शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. कायद्याची कलमं पाठ असण्यापेक्षा या एका गोष्टीचा मला जास्त उपयोग झाला. आजोबांनी आणखी एक ओळ अर्जात घालायला लावली: प्राथमिक शिक्षण हे १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ती ओळ वाचून साहेबांनी चष्मा काढला आणि मला बसायला खुर्ची दिली. काम मात्र तेव्हाही झालं नाही.

दिवाळीनंतर संस्थेच्या ताईनं एक कंपनी आणली. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, त्यातले पैसे. दोन तरुण मुलं आली, टॅबवर फोटो काढले आणि पंधरा दिवसांनी रंगीत कागद घेऊन आली. त्यात नव्या टाइल्स, भिंतीवर कार्टून, आरसे, आणि दारावर कंपनीच्या नावाची पाटी. पाटीचं माप दिलं होतं, पाण्याच्या पाइपचं नव्हतं. मी विचारलं, "पाणी कुठून येणार?" ते म्हणाले, "ते पालिकेकडून येईल ना." मी विचारलं, साफसफाईला रोज माणूस लागेल, त्याचा पगार? तर म्हणाले, दर महिन्याचा खर्च आम्ही करत नाही, एकदाच होणारं काम सांगा. पैसा आमच्या महिला मंडळाकडं द्यायलाही ते तयार नव्हते. संस्था नोंदलेली हवी, कंपन्यांचा असा पैसा घ्यायला लागणारा सीएसआर-१ नंबर तिच्याकडं हवा. आमच्या मंडळाकडं भिशीच्या वहीशिवाय काही नाही.

त्याच सुमाराला कुणीतरी शाळा दत्तक देण्याचा विषय काढला. १८ सप्टेंबर २०२३ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे कंपनी किंवा संस्था पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घेऊ शकते, नावही देऊ शकते. मदत वस्तू आणि सेवांच्या रूपात, रोख नाही. त्यातले कोटींचे आकडे ऐकून मला हसू आलं. आमचं घोडं कडीपाशी अडलं होतं.

मोठ्या बाईंना तर बाहेरचं कुणी नकोच होतं. "उद्या काही झालं तर मेमो मला येतो," त्या म्हणायच्या. त्यांची भीती मला पटते, तरी मी ताईकडून ऐकलेलं त्यांना ऐकवलं. मुंबईत हे नवं नाही. डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ मध्ये कफ परेडच्या वस्तीतून सुरू झाली. १९९५ मध्ये 'प्रथम' नावाची संस्था आली. पुढं पालिकेच्या शाळांत मागं पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच शिकलेल्या पोरी रोज दोन तास वेगळं बसवून शिकवू लागल्या. बालसखी म्हणायचे त्यांना. त्या कामाचा मुंबई आणि बडोद्यात अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. मुक्तांगण या संस्थेनं तर वस्तीतल्या बायकांना तयार करून पालिकेच्या शाळांत शिक्षिका केलं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "शिकवणं ठीक आहे हो. पण हा नळ आहे." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते गणपती मंडळाच्या प्लंबर दादाकडून. त्याचा मुलगा हिंदी शाळेत. बाईंची परवानगी घेऊन एका रविवारी तो नुसता बघायला आला. गच्चीवर गेला, टाकीवर वाकला, मग खाली येत प्रत्येक मजल्यावर पाइपला कान लावून ठोकत गेला. दुसऱ्या मजल्यावर जिन्यामागच्या अडगळीत, मोडक्या बाकांच्या मागं, त्याला एक व्हॉल्व्ह सापडला. त्याची चक्रीच नव्हती. नुसता दांडा, गंजलेला. "हा बंद आहे, वहिनी," तो म्हणाला. "कधीतरी खालून गळत असणार. कुणीतरी बंद केला, पुन्हा कुणी उघडू नये म्हणून चक्री काढून नेली. पुढं गळती काढली असेल, पण हा कुणाच्या लक्षात आला नाही." तळमजल्याची लाइन वेगळी, म्हणून तिथं पाणी. मी तिथंच एका मोडक्या बाकावर बसले. किती वर्षं मुली तहानलेल्या बसत होत्या, त्याचा हिशोब कुणी करायचा?

मी म्हटलं, पान्यानं उघड आत्ताच. तो म्हणाला, नाही. पालिकेची इमारत आहे. उद्या पाइप फुटला तर बाई अडकतील आणि मीही. त्याचं बरोबर होतं.

पण आता अर्जात लिहायला काहीतरी होतं. "पाणी येत नाही" हे वाक्य काढून टाकलं. त्याजागी लिहिलं: दुसरा मजला, जिन्यामागची खोली, व्हॉल्व्ह बंद, चक्री नाही, बदलावा. सोबत फोटो. आणि या वेळी ठराव एकट्या मराठी शाळेचा नको, चारही समित्यांचा हवा, म्हणजे "दुसऱ्या शाळेला विचारा" म्हणायला जागा उरणार नाही.

चार समित्या एकत्र आणायच्या कशा? सकाळच्या पालकांना संध्याकाळी जमत नाही, दुपारच्यांना सकाळी. बाया धुण्याभांड्याच्या कामाला जातात, बाप रिक्षावर. दोन बैठका ठरवल्या, दोन्हींना मी, ताई आणि शिपाई. मग उर्दू शाळेच्या समितीतल्या आपा म्हणाल्या, सगळे पालक रोज एकदा इथं येतातच, साडेबाराला. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, तेव्हा अर्धे पालक न्यायला आणि अर्धे सोडायला फाटकात उभे असतात. इतके दिवस रोज त्या गर्दीत मी स्वतः उभी असायचे आणि मला हे सुचलं नव्हतं.

शनिवारी साडेबाराला आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बैठक घेतली. पंचवीस मिनिटं. मी मराठीत बोलले, आपा हिंदीत, मधेच कुणीतरी भोजपुरीत. भांडण झालंच. कोण घाण करतं यावरून दहा मिनिटं गेली. मग इंग्रजी शाळेतल्या एका आईनं विचारलं, "कुणाकुणाची मुलगी बाटली भरलेली परत आणते?" एक हात वर झाला, मग दुसरा, मग मोजायचं सोडून दिलं. त्यानंतर कोण घाण करतं यावर कुणी बोललं नाही. तिथंच सह्या झाल्या. काहींनी अंगठे दिले. चारही मुख्याध्यापकांचे शिक्के घ्यायला मात्र पुढचे नऊ दिवस लागले.

या अर्जाचं काम सतरा दिवसांत झालं. पालिकेच्या कंत्राटदाराचा माणूस आला, व्हॉल्व्ह बदलला, तासाभरात गेला. नळातून आधी लाल पाणी आलं, मग हवा, मग बराच वेळ नुसता खरखर आवाज, आणि मग पाणी. प्लंबर दादा शेजारी हाताची घडी घालून उभा होता, जणू त्याचं काही नाहीच.

मार्च आला की कंपन्यांना खर्चाची घाई होते. तेव्हा आम्ही त्या दोन मुलांना परत बोलावलं आणि आमची यादी दिली: चार दारांच्या कड्या, चार फ्लशच्या टाक्या, लहान मुलींचा हात पोचेल एवढ्या उंचीवर बेसिन, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचे डबे. पैसे संस्थेमार्फत, परवानगी कक्षाकडून, शिक्क्यासकट. पाटीवरून थोडी ओढाताण झाली. शेवटी ती वहीएवढी झाली आणि कार्टूनही रंगवलं गेलं. एका शनिवारी कंपनीची वीस माणसं टी-शर्ट घालून रंगवायला आली. त्यांनी रंगवलेला ससा पावसाळ्यात ओल येऊन अर्धा गेला. हौस होती त्यांची, करू दिली.

महिन्याचा खर्च राहिला होता. फिनेल, ब्रश, साबण हे गणपती मंडळानं घेतलं. वर्गणीच्या पावतीवर तशी ओळच छापली. पालिकेचा सफाईचा माणूस दिवसातून एकदाच यायचा. आम्ही बाईंमार्फत लेखी मागणी केली, तो दोनदा येऊ लागला: एकदा सकाळी आणि एकदा सत्र बदलताना. एखाद्या आठवड्यात येत नाही, मग पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का.

समिती दर दोन वर्षांनी बदलते. पुढच्या वेळी मी असेन की नाही माहीत नाही, म्हणून आम्ही सगळं एका वहीत लिहायला लागलो. वही शौचालयाबाहेर खिळ्याला टांगलेली असते. साडेबाराला चारातल्या एका शाळेची आई आत जाऊन बघते आणि लिहिते. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी उर्दूत, दोघी-तिघी इंग्रजीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मुलं लिहून देतात. काही दिवस वही कोरीही असते.

गेल्या मंगळवारची नोंद उर्दूत होती. मला वाचता येईना, म्हणून आपांची वाट बघितली. त्यांनी पदर सावरत वाचलं: "तिसरं दार, कडीचा स्क्रू ढिला." शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर हल्ली माझ्या पिशवीतच असतो. मी आत गेले.