खसखशीएवढी गोचीड

देवणीजवळच्या आमच्या गावात गोचीड म्हणजे गुरांचं दुखणं. आबा रोज सकाळी गाईच्या कानामागं, कासेजवळ बोटं फिरवायचे आणि एरंडीच्या बीएवढ्या फुगलेल्या गोचिडी उपटून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. गोचीड ताप आला की दुभती गाय चारा सोडते, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. गोचीड माणसालाही महिनोन्‌महिने त्रास देऊ शकते, हे मात्र म्युनिकला आल्यावर कळलं.

मागच्या जूनमध्ये लेकीला घेऊन इझार नदीकाठच्या झाडीत गेलो होतो. जंगल कसलं, भर शहरातली फिरायची जागा! रात्री आंघोळ घालताना बायकोनं विचारलं, "हिच्या गुडघ्यामागं हा तीळ कधीचा?" खसखशीच्या दाण्याएवढा. जवळून पाहिलं तर तिळाला पाय होते.

आबांना फोन लावला. "तेल सोड वरून, आपोआप सुटंल." इथं नेमकं तेच करायचं नसतं. तेला-रॉकेलानं घुसमटलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. लाइम नावाचा आजार देणारा बोरेलिया हा स्प्रिंगसारखा जंतू तिच्या पोटात असू शकतो. रक्त प्यायला लागली की तो हळूहळू लाळेत उतरतो. त्याला बहुधा बरेच तास लागतात, म्हणून त्याच दिवशी काढली तर धोका खूप कमी. या जंतूसाठी हरणांचं रान लागत नाही. बागेतल्या उंदरांच्या आणि पाखरांच्या अंगातही तो असतो.

लेकीला काही झालं नाही. मी स्वतःचं अंग तपासलंच नव्हतं. दोन आठवड्यांनी मांडीवर चट्टा उठला. पुस्तकांत लाइमचा चट्टा दाखवतात तो लालभडक, गोऱ्या कातडीवरचा. माझा तपकिरी-जांभळट, मुका मार लागल्यासारखा. पहिल्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. चट्टा तळहाताएवढा झाला, अंग मोडून आलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी चट्टा बघताच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं. रक्त तपासायचं नाही का, म्हटलं, तर म्हणाल्या, इतक्या लवकर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मी बरा झालो. पण ते मलम महिनाभर चोळत बसलो असतो तर जंतू सांध्यांत, नसांत शिरू शकला असता, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. या आजाराला नाव मिळालं ते अमेरिकेतल्या लाइम गावावरून. १९७५ च्या सुमारास तिथल्या लेकरांचे गुडघे सुजायला लागले आणि आयांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, म्हणून तपास झाला. जंतू सापडायला पुढं काही वर्षं गेली.

ज्यांची पोरं इकडं शिकायला आहेत, त्यांनी एवढं सांगाच: गोचिडीची लस म्हणून इथं जी देतात ती गोचिडीतूनच पसरणाऱ्या मेंदूज्वराची, लाइमची नाही. आणि सुट्टीत गावी आल्यावर चट्टा उठला, तर आपण कुठल्या झाडीत फिरलो ते लातूर-नांदेडच्या डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्यांच्यासमोर असा रुग्ण सहसा येत नाही.

आबा येत्या मे महिन्यात येतायत. गवतात अनवाणी चालल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. चालू द्या. संध्याकाळी त्यांच्या कानामागं, गुडघ्यामागं मी बोटं फिरवीन.