मॅकिंटॉशवरची सुरकुती

परवा नर्सिंगच्या फर्स्ट इयरच्या एका पोरीने क्लासमध्ये विचारलं, मॅडम, नर्सिंग फाउंडेशनचा सब्जेक्ट एवढा मोठा काहून आहे, अर्धा वेळ तर चादर कशी घालायची यातच जाते, ते तर आम्ही घरी पण करतो. बाकीच्या खिदळल्या. मी पण हसली, कारण वीस वर्षांआधी माझ्या मनात हेच होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती, आमच्या ट्यूटर मॅडम चादरीचा कोपरा वाकडा दिसला की अख्खा बेड उपसायच्या आणि पुन्हा लाव म्हणायच्या. तिला उत्तर देणार तेवढ्यात बेल झाली, म्हणून इथे लिहून राहिली आहे.

माझी पहिली नोकरी एका खाजगी हॉस्पिटलात होती. मे महिना, आणि नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको, कूलर लावले की वॉर्ड थंड कमी आणि चिपचिप जास्त. उमरेडकडचे एक बाबाजी होते, लकवा मारलेला, उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं बंद. नाईटला आम्ही दोघीजणी आणि पेशंट बावीस. दर दोन तासांनी पोझिशन चेंज, चार्टवर वेळा छापलेल्याच होत्या, आपण समोर लेफ्ट, राईट लिहायचं आणि सही ठोकायची. पहिल्या रात्री दोन वाजता गेली तर त्यांची बायको म्हणते, "नका पलटवू ना सिस्टर, आत्ताच डोळा लागला त्याइचा." मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, पाठ दुखत होती. चार्टवर लिहिलं लेफ्ट. चार वाजता दुसऱ्या एकाचं सलाईन निघालं, तिसऱ्याला उलट्या, साडेपाचला परत आली आणि चारच्या समोर राईट लिहून टाकलं. तीन रात्री थोड्याफार फरकाने हेच.

चौथ्या दिवशी सकाळच्या सिस्टरने स्पंजिंग करताना त्यांना कुशीवर केलं. माकडहाडाच्या वर जांभळट काळा डाग आणि मधोमध रुपयाएवढी कातडी गेलेली. खाली मॅकिंटॉश (म्हणजे गादी ओली होऊ नये म्हणून टाकतात ते रबरी कापड, ज्याने १८२३ मध्ये वॉटरप्रूफ कापडाचं पेटंट घेतलं त्या चार्ल्स मॅकिंटॉशच्या नावावरून), त्याच्यावरची ड्रॉ शीट (कमरेखाली आडवी टाकतात ती छोटी चादर) गोळा झालेली, घामाने ओली, आणि तिची सुरकुती पाठीवर वळासारखी उमटलेली. चार्ट मात्र एकदम टकाटक. इन्चार्ज सिस्टर रागावल्या पण नाही, चार्ट हातात घेतला आणि म्हणाल्या, छान भरलाय. एवढंच.

आता नाइटिंगेलबाईंकडे येते. आपल्याकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे हातात दिवा, १२ मे ला नर्सेस डेच्या मेणबत्त्या, शपथ, मग केक आणि फोटो. गंमत म्हणजे ती शपथ बाईंनी लिहिलीच नाही, १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि तिच्या कमिटीने बनवली. बाईंचं खरं काम दिव्यापेक्षा वहीत जास्त आहे असं माझं मत. १८५४ ला, क्रिमियाच्या लढाईत, त्या ३८ जणींना घेऊन स्कुटारीच्या (आताच्या इस्तंबूलमधल्या) लष्करी दवाखान्यात पोचल्या, आणि दिसलं काय, तर सैनिक गोळी लागून मरतात त्याहून कितीतरी जास्त हगवण, कॉलरा, टायफसने मरून राहिलेत. पुढच्या वर्षी सॅनिटरी कमिशनने येऊन तिथली गटारं साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा मरणं धडाधड खाली आली. बाईंनी घरी परतल्यावर सगळ्या आकड्यांचा हिशोब मांडला आणि १८५८ मध्ये त्याची रंगीत चक्राकार चित्रं छापली, सरकारला नाकारता येऊ नये म्हणून. १८६० ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंग स्कूल निघालं ते त्यानंतर.

त्यांच्या १८५९ च्या नोट्स ऑन नर्सिंगमध्ये एक वाक्य आहे, पेशंटला बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने दाबाची जखम) झाला तर दोष साधारणपणे आजाराचा नसतो, नर्सिंगचा असतो. हे मी बाबाजींच्या प्रकरणानंतर वाचलं आणि पुस्तक बंदच करून टाकलं, राग आला होता, बावीस पेशंट सांभाळून दाखवा म्हणावं. पुष्कळ वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हा पुढचं दिसलं, की इमारत खराब, स्वच्छता खराब, कारभार खराब असला तर नर्सिंग करणंच अशक्य होतं, हे पण बाईच सांगतात. म्हणजे नर्सिंगचा दोष यात मी पण आले आणि दोघींवर बावीस टाकणारा पण आला.

दोघींवर बावीस याचा हिशोब पण कोणीतरी केलाच. लिंडा आयकेन नावाच्या अमेरिकन नर्सिंग रिसर्चरने आणि तिच्या टीमने तिकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा डेटा घेऊन २००२ मध्ये दाखवलं की नर्समागे सरासरी एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. एका पेशंटमागे! आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आहे, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स आणि बाकी ठिकाणी पाचामागे एक. कौन्सिल १९४७ च्या कायद्याने आली, नॉर्म पोरींना पाठ असतो, पेपरमध्ये दोन मार्काला येतो. मग त्या वॉर्डात जातात आणि मोजायला लागतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाही.

पण चादरीचं राहिलंच. आम्हाला शिकवलं होतं की बॅक केअर म्हणजे स्पिरिट लावून पाठ खसखसा चोळायची, मग पावडर, लाल दिसलं तर तिथे जास्त चोळायचं, रक्त फिरते म्हणे. तोंडी परीक्षेत मी हे इतकं जोरात सांगितलं होतं की एक्स्टर्नल खूश. आणि ते चूक होतं! लाल झालेल्या, हाडावरच्या जागेला चोळलं तर आतलं दबलेलं मांस आणखी खराब होतं. डोरीन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश नर्सने म्हाताऱ्या पेशंटांवर अभ्यास करून १९६२ मध्येच दाखवलं होतं की खरा उपयोग लेप न् मलमांचा नाही, दाब हलवण्याचा आहे. म्हणजे माझ्या जन्माआधी झालेला रिसर्च माझ्या परीक्षेनंतर माझ्यापर्यंत आला.

दोन तासांचं पण तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होमच्या ९४२ म्हाताऱ्यांना दोन, तीन, चार तासांनी पलटवून पाहिलं, चांगल्या फोमच्या गादीवर, तर तिन्हीत खास फरक निघाला नाही. हे सांगितलं की पोरी लगेच खूश, म्हणजे मॅडम चार तास चालते! नाही चालत बाई. गादी पाहा, मे महिना पाहा, खालचं रबर पाहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात लावा. पुस्तकात लिहिलं असते, लाल जागेवर बोट दाबा, पांढरी नाही झाली तर बेडसोअरची पहिली स्टेज. ते गोऱ्या कातडीचं झालं. गडचिरोलीहून उन्हात राबून आलेल्या माणसाच्या पाठीवर लाल कुठून दिसणार, तिथे जांभळट, काळपट किंवा काहीच दिसत नाही. उलट्या हाताने बाजूच्या जागेशी ताडून पाहायचं, गरम लागते का, टणक लागते का, आणि पेशंट बोलत असेल तर विचारायचं, इथे दुखते का. बाबाजी बोलू शकत नव्हते.

तर काल लॅबमध्ये त्या प्रश्नवाल्या पोरीला बेडवर झोपवलं. खाली मॅकिंटॉश, ड्रॉ शीट मुद्दाम चुरगाळून, कूलर बंद. अर्धा तास हलायचं नाही म्हटलं. पाच मिनिटं ती हसून राहिली होती. आठव्या मिनिटाला कंबर हळूच सरकवली, मी म्हटलं नाही, लकवा आहे तुला. दहाव्या मिनिटाला म्हणाली, मॅडम, काहीतरी टोचून राहिलं, उठू का?

म्हटलं, बोलणं पण बंद आहे तुझं. अजून वीस मिनिटं.