यांदाची अर्धी राहिलेली मॅच

रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून एकच माणूस डोक्यात बसलाय. अँतोनिन यांदा, प्रागच्या स्पार्टा क्लबचा फॉरवर्ड. खरं तर शोधत होतो आपल्या रणधीर शिंदेंना. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचा हा पैलवान फेदरवेट गटात चौथा आला, ब्राँझची कुस्ती ब्रिटनच्या बर्नार्डने घेतली. त्याच ऑलिम्पिकचे फुटबॉलचे निकाल सहज चाळायला घेतले आणि शिंदे राहिले बाजूलाच.

यांदाचा जन्म १८९२ चा. म्हणजे खेळ भरात यायच्या वयात त्याला अंगावर घालायला देशाची जर्सीच नव्हती. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोहेमियाचा, म्हणजे चेक प्रदेशाचा, स्वतंत्र संघ काही काळ फिफात होता, पण ऑस्ट्रियाच्या दबावामुळे १९०८ मध्ये तेही संपलं. मग महायुद्धाने चार वर्षं खाल्ली. २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला तेव्हा गडी २६ वर्षांचा झाला होता. आपल्याकडे या वयात घरचे 'आता खेळ पुरे' म्हणायला लागतात.

या नव्या देशाचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला तोच अँटवर्पला, २८ ऑगस्ट १९२० रोजी, युगोस्लाव्हियाविरुद्ध. ७-० ने जिंकले! यांदाचे तीन, वानीकचे तीन. यातली गंमत अशी की वानीक स्लाव्हियाचा. प्रागमध्ये स्पार्टा आणि स्लाव्हिया म्हणजे आपल्याकडच्या दोन कट्टर तालमी; एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या. इथे मात्र दोघे एकाच फळीत, आणि गोलांची वाटणीही अगदी सारखी.

दुसऱ्याच दिवशी नॉर्वे. हे नॉर्वेवाले आदल्या दिवशी ब्रिटनला ३-१ ने घरी पाठवून आलेले, म्हणजे चांगलेच तोऱ्यात असणार. ४-० ने हरले. त्यात परत यांदाचे तीन. दोन दिवसांत दोन हॅट्‌ट्रिक, त्याही देशाच्या पहिल्या दोन सामन्यांत. एक दिवसाआड करून फ्रान्सला ४-१ ने उडवलं. त्या दिवशी तीन गोल मारणारा वेगळाच, श्क्वाइन. तो 'माझाल' या टोपणनावाने खेळायचा. ऑस्ट्रियाच्या राजवटीत शाळकरी पोरांना क्लबातून खेळायला मनाई असायची, म्हणून टोपणनावांची ही सवय. यांदालाही 'ओच्को' म्हणायचे.

आता २ सप्टेंबरची फायनल. समोर यजमान बेल्जियम. सहा दिवसांत चेक संघाची ही चौथी मॅच, तर बेल्जियम थेट उपांत्यपूर्व फेरीत उतरलेला, त्यांची तिसरी. रेफरी इंग्लंडचे जॉन लुईस, वय ६५. १९०८ च्या ऑलिम्पिक फायनललाही शिट्टी यांच्याच तोंडात होती, त्यामुळे अनुभवाचा प्रश्न नव्हता, पण या वयात चेंडूमागे किती धावणार? सहाव्या मिनिटाला पेनल्टी, बेल्जियमच्या कोपेने मारली. तिसाव्या मिनिटाला लार्नोने दुसरा चढवला. चेक मंडळींना यातलं काहीच पटलेलं नव्हतं. मैदानाच्या कडेला बेल्जियन सैनिक उभे, त्यांच्याबद्दलही तक्रार. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास लुईसनी चेक खेळाडू स्टाइनरला बाहेर काढलं आणि सगळा संघच त्याच्या मागोमाग मैदानाबाहेर गेला. ऑलिम्पिकची फायनल, पहिला हाफसुद्धा पुरा झाला नाही.

इथे मी अडकलो ते अडकलोच. रागावून मैदान सोडणं आम्ही कोल्हापूरकरांनी काय कमी बघितलंय? निर्णय विरोधात गेला की बाकड्यावरचा कुणीतरी हात हलवतो, पोरं बूट सोडायला लागतात आणि गॅलरी पेटते. त्या वेळी बरोबरच वाटतं सगळं. पण घरी गेल्यावर वाटतं, अरे, पन्नास मिनिटं शिल्लक होती की. लुईस चुकले असतीलही. लाइनवर उभे राहणारेही इंग्लिशच होते. तरी तीन सामन्यांत पंधरा गोल मारणाऱ्या फळीने, दहा जणांनी का होईना, खेळायला हवं होतं असं माझं ठाम मत. आमचा नाना फोनवर म्हणाला, "तू तिथं असतास तर पहिला तूच बाहेर आला असतास." असेन बाबा, पण मी यांदा नाही ना.

पुढे जे झालं ते आणखीच विचित्र. चेकोस्लोव्हाकियाला स्पर्धेतून बाद केलं आणि रौप्यासाठी हरलेल्या संघांत नव्याने सामने लावले. उपांत्य फेरीत हरलेला फ्रान्स या भानगडीत पडला नाही. बेल्जियमकडून ३-१ ने मार खाल्लेल्या स्पेनने रौप्य नेलं, ब्राँझ नेदरलँड्सला. फायनल खेळलेल्यांना काहीच नाही.

यांदा नंतरही देशाकडून खेळला, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची ती स्पार्टा 'लोखंडी स्पार्टा' म्हणून आजही ओळखली जाते. १९६० मध्ये तो वारला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये चेकोस्लोव्हाकियाला रौप्य मिळालं ते त्यानंतर, १९६४ ला टोकियोत.

झोपण्याआधी गोल करणाऱ्यांची यादी पुन्हा काढली. पहिला स्वीडनचा कार्लसन, सात गोल. त्यातले पाच एकट्या ग्रीसवर, ९-० च्या मॅचमध्ये. दुसरा यांदा, सहा. उरलेल्या पन्नास मिनिटांत एखादा मारलाच असता की त्याने.